व्हॅसोप्रेसिन बंद केल्यावर लघवीचा पूर: ओळखायचा कसा, पाण्याचा हिशेब कसा मांडायचा

सेप्टिक शॉकचा (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला) रुग्ण सावरायला लागतो. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन उतरत जातं, दुपारी व्हॅसोप्रेसिनचा (दोन्ही रक्तदाब वाढवणारी औषधं) पंपही बंद होतो आणि संध्याकाळपासून युरोबॅग भराभर भरू लागते. तासाला २५० मिली, मग ३५०, मग ४५०. सगळ्यांना हायसं वाटतं: किडनी जागी झाली, अंगात साचलेलं पाणी निघून चाललंय. सकाळच्या रिपोर्टमध्ये सोडियम १५६ येतं (१४५ च्या वर म्हणजे जास्त) आणि कालपर्यंत डोळे उघडणारा रुग्ण हाकेला ओ देत नाही.

बऱ्याचदा ती लघवी किडनी सुधारल्याचीच असते, म्हणून तर हा प्रकार हातातून निसटतो. पण काही रुग्णांत ती डायबेटिस इन्सिपिडस असते, म्हणजे व्हॅसोप्रेसिनचं काम थांबल्याने किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही. २०२२ पासून या आजाराला आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी (किडनीच दाद देत नसेल तर रेझिस्टन्स) असं नाव सुचवलं गेलं. कारण ‘डायबेटिस’ शब्द वाचून लोक साखर तपासत बसायचे आणि रुग्णाचं डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनसारखं, लघवी आवरणारं औषध) राहून जायचं. वॉर्डात अजून जुनंच नाव चालतं, म्हणून इथे ‘डीआय’ म्हणू. व्हॅसोप्रेसिन थांबवल्यावर होणाऱ्या, पुन्हा बऱ्या होणाऱ्या डीआयचा इशारा या औषधाच्या माहितीपत्रकातही दिलेला असतो.

हा लेख आयसीयूत काम करणारे निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही, पण यातले डोस आणि आकडे प्रत्यक्ष रुग्णावर वापरायचा निर्णय उपचार करणाऱ्या टीमचाच.

असं का होतं

व्हॅसोप्रेसिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठवलं जातं. रक्तवाहिन्यांवरच्या व्ही१ रिसेप्टरवर ते त्या आवळतं. शॉकमध्ये आपल्याला हवा असतो तो हा परिणाम. किडनीच्या कलेक्टिंग डक्टमध्ये व्ही२ रिसेप्टरवर ते अ‍ॅक्वापोरिन-२ नावाची पाण्याची दारं उघडतं आणि पाणी रक्तात परत ओढतं. पंप चालू असतो तेव्हा ही दोन्ही कामं बाहेरून दिलेलं औषध करतं.

शॉकच्या सुरुवातीला शरीर स्वतःचं व्हॅसोप्रेसिन भरपूर सोडतं, पण पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तातली पातळी खाली येते. साठा आटणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. त्यात बाहेरून सतत औषध मिळत राहिलं की आतला स्राव दबतो आणि व्ही२ रिसेप्टरची संख्या व संवेदनाही घटते, असं स्पष्टीकरण दिलं जातं. औषधाचं अर्धायुष्य जेमतेम १० ते २० मिनिटांचं असतं. म्हणजे पंप थांबवल्यावर तासाभरात बाहेरचा पुरवठा संपतो आणि आतला अजून सुरू झालेला नसतो. मधल्या काळात दारं बंद, आणि पाणी थेट पिशवीत.

डोक्याला मार लागलेला, मेंदूत रक्तस्राव झालेला किंवा पिट्युटरीजवळ शस्त्रक्रिया झालेला रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डीआय मुळातच असू शकतो. पंपाने तो झाकून ठेवला होता, एवढंच.

पंप थांबवण्यापूर्वी

खरी तयारी इथे करायची असते आणि नेमकी हीच पायरी वगळली जाते.

पंपावरचा डोस नीट वाचा. सेप्टिक शॉकमध्ये नेहमीचा डोस मिनिटाला ०.०३ युनिट, म्हणजे तासाला १.८ युनिट. २० युनिट ५० मिलीत मिसळले असतील तर मिलीला ०.४ युनिट होतात आणि पंपाचा वेग तासाला ४.५ मिली येतो. ‘युनिट प्रतिमिनिट’ आणि ‘युनिट प्रतितास’ यांची गल्लत झाली की ६० पटींची चूक होते. हँडओव्हर करताना एकक मोठ्याने बोलून घ्या.

थांबवण्याआधीचं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, साखर आणि मागच्या ६ तासांची लघवी चार्टवर एका ओळीत लिहून ठेवा. पोटॅशियम कमी किंवा कॅल्शियम जास्त असेल तर किडनी व्हॅसोप्रेसिनला नीट दाद देत नाही, म्हणून हे दोन्ही आधीच ताळ्यावर आणा. सोडियम आधीच १४८-१५० असेल तर पंप थांबवण्याआधीच पाणी सुरू करा, कारण त्या रुग्णाकडे चुकीला जागा उरलेली नसते.

टेपरबद्दल (डोस पायरीपायरीने उतरवण्याबद्दल) वाद बराच आहे. माहितीपत्रकात सांगितलेली पद्धत अशी: कॅटेकोलामाइनशिवाय (नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारख्या औषधांशिवाय) रक्तदाब ८ तास टिकला की दर तासाला ०.००५ युनिट प्रतिमिनिट या पायरीने उतरवा. पुष्कळ आयसीयूत ०.०१ च्या पायरीने उतरवतात, काही ठिकाणी थेट बंद करतात. टेपर मुख्यतः रक्तदाबासाठी आहे. टेपर केला म्हणून लघवी मोजायची गरज नाही, असा निष्कर्ष काढू नका.

हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) त्याच शिफ्टमध्ये बंद करू नका. शॉकमध्ये ते बहुधा दिवसाला २०० मिग्रॅ चालू असतं आणि सगळे प्रेसर (दाब वाढवणारी औषधं) उतरल्यावरच ते काढायचा विचार करतात. दोन्ही एकदम थांबवली आणि दाब घसरला तर दोष व्हॅसोप्रेसिनचा की कॉर्टिसोलचा, हे कळत नाही. त्यात एक छुपा सापळाही आहे. शरीरात कॉर्टिसोल कमी असेल तर किडनीला जादा पाणी बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे डीआय असूनही लघवी बेताची दिसते. स्टेरॉइड सुरू केल्यावर ती एकदम वाढते.

थांबवल्यानंतरचे ४८ तास

लघवी दर तासाला मोजा. साध्या युरोबॅगवर अंदाज घेऊ नका, युरोमीटर लावा. पहिले २४ तास सोडियम दर ४ ते ६ तासांनी, नंतर सगळं शांत असेल तर ८ ते १२ तासांनी. बहुतेक वेळा प्रकार पहिल्या दिवसातच, कित्येकदा पहिल्या काही तासांतच उघड होतो. सिस्टरसाठी पलंगाजवळ एकच वाक्य लिहून ठेवा: ‘सलग २ तास लघवी तासाला २५० मिलीच्या वर गेली तर डॉक्टरांना कळवणे.’ बारीक अंगाच्या रुग्णासाठी किलोमागे तासाला ४ मिली हा उंबरठा धरा.

सोडियम शक्यतो एकाच यंत्रावर तपासा. अशा रुग्णांचं अल्ब्युमिन खूप खाली असतं, आणि लॅबचं यंत्र रक्त पातळ करून मोजणारं असेल तर सोडियम खऱ्यापेक्षा काही आकड्यांनी जास्त दाखवतं. एबीजी (रक्तातले वायू तपासणारं) यंत्र ते थेट मोजतं. सकाळी लॅब आणि दुपारी एबीजी असं केलंत की सोडियम उतरल्याचा भास होतो आणि चुकीचे निर्णय घेतले जातात.

डायलिसिसवरच्या किंवा लघवी बंद असलेल्या रुग्णात पहिले ४८ तास काहीच दिसणार नाही. किडनी परत चालू होईल तेव्हा लक्ष ठेवा.

लघवी वाढली. आता?

पहिली गोष्ट: डेस्मोप्रेसिन देण्याआधी लघवीचा नमुना घ्या. औषध दिल्यानंतरच्या नमुन्यातून मूळ निदान निघत नाही. एकाच वेळी पाठवायच्या तपासण्या:

१. लघवीची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण), सोडियम, पोटॅशियम, साखर आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता).
२. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, युरिया आणि सोय असेल तर ऑस्मोलॅलिटी.

रिपोर्ट येईपर्यंत औषधांचा तक्ता वाचून काढा. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं होतं का? मॅनिटॉल? काल इमर्जन्सीत ओतलेलं ८ लिटर सलाईन आज बाहेर येतंय का? अडकलेलं कॅथेटर नुकतंच मोकळं झालं का? नळीतून जास्त प्रथिनांचा आहार चालू आहे का? त्यातून बनलेला युरियासुद्धा सोबत पाणी ओढून नेतो.

आता वाचन. लघवीची ऑस्मोलॅलिटी ३०० च्या खाली (बहुधा २०० च्याही खाली) आणि रक्तातलं सोडियम १४५ च्या वर किंवा झपाट्याने चढतंय, तर डीआय धरून चाला. रक्त घट्ट होत असताना पाणी वाचवणं हे किडनीचं काम आहे आणि ती तेच करत नाहीये. याउलट लघवीची ऑस्मोलॅलिटी ३०० च्या वर असेल तर कोणता तरी विद्राव्य पदार्थ पाणी ओढतोय: साखर, युरिया, मॅनिटॉल किंवा सोडियम.

मधल्या आकड्यांत गोंधळ झाला तर दिवसाचा गुणाकार करून पाहा. लघवीचे लिटर गुणिले ऑस्मोलॅलिटी. ८ लिटर × १०० म्हणजे ८०० मिलिऑस्मोल, जे माणूस रोज सहज बाहेर टाकतो. म्हणजे जादा आहे ते निव्वळ पाणी. ६ लिटर × ३३० म्हणजे जवळपास २०००. इथे विद्राव्याचा भार मोठा आहे आणि डेस्मोप्रेसिनचा काही उपयोग नाही. १००० ही ढोबळ रेषा धरा.

ऑस्मोलॅलिटीची सोय नसेल तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी चालते. शेवटच्या दोन आकड्यांना साधारण ३० ने गुणा: १.००५ म्हणजे सुमारे १५०, १.०१० म्हणजे सुमारे ३००. लघवीत साखर, प्रथिनं किंवा सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट असेल तर हा आकडा फसवा वर जातो. रात्री तीन वाजता छोट्या आयसीयूत निदान बहुतेक वेळा १.००५ च्या खालची ग्रॅव्हिटी आणि चढतं सोडियम या दोनच आकड्यांवर होतं, आणि ते पुरेसं असतं.

पाणी तोडून करायची वॉटर डेप्रिव्हेशन टेस्ट या रुग्णात कधीही करू नका. सोडियम चढलेलं आहे, म्हणजे ती परीक्षा शरीराने आधीच देऊन टाकली आहे.

पाण्याचा हिशेब

रुग्ण जागा असेल, गिळू शकत असेल आणि तहान लागत असेल तर त्याला पाणी द्या, मागेल तेवढं. तहान हा उत्तम पंप आहे. डीआयचे असे रुग्ण बहुधा सोडियम स्वतःच सांभाळतात. अडचण आहे ती झोपवून ठेवलेल्या, नळी घातलेल्या रुग्णाची.

रक्तदाब पडलेला असेल, हातपाय गार असतील तर आधी सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट देऊन रक्ताभिसरण सावरा. ते झाल्यावर मात्र सलाईन चालू ठेवू नका. सलाईनमध्ये लिटरला १५४ मिलिमोल सोडियम आहे आणि लघवीतून जेमतेम ३०-४० जातंय. एक लिटर सलाईन देऊन एक लिटर पाणी गमावलं की मीठ अंगात राहतं आणि सोडियम आणखी चढतं. ‘इनपुट-आउटपुट बरोबर आहे, तरी सोडियम का वाढतंय’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

समजा ६० किलोची स्त्री आहे. सोडियम १५४, लघवी तासाला ४०० मिली, लघवीतलं सोडियम २० आणि पोटॅशियम १५.

शरीरातलं पाणी: ६० × ०.५ = ३० लिटर. (तरुण पुरुषात ०.६, वृद्ध स्त्रीत ०.४५ धरतात.)

एकूण तूट: ३० × (१५४ ÷ १४० − १) = ३ लिटर.

पहिल्या २४ तासांत सोडियम १४४ पर्यंत आणायचं ठरवलं तर ३० × (१५४ ÷ १४४ − १), म्हणजे सुमारे २.१ लिटर. तासाला ८७ मिली.

चालू गळती: ४०० × (१ − ३५ ÷ १५४), म्हणजे तासाला सुमारे ३१० मिली शुद्ध पाणी.

श्वास आणि त्वचेतून: तासाला ३०-४० मिली.

बेरीज तासाला ४३० मिलीच्या आसपास जाते. नवख्याची चूक इथे होते: तुटीचे ३ लिटर मोजले, ते २४ तासांवर पसरले आणि गळती विसरली. तासाला १२५ मिली चालू ठेवून सोडियम १६० वर गेलेलं पाहायला मिळतं.

आता ४३० मिली द्यायचे कुठून? रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) दर ४ तासांनी २५०-३०० मिली साधं पाणी हा सगळ्यात चांगला मार्ग, आतडी चालत असतील तर. उरलेलं ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा ०.४५ टक्के सलाईन. पण सगळं डेक्स्ट्रोजनेच द्यायचं म्हटलं तर ४३० मिलीत २१.५ ग्रॅम साखर येते, म्हणजे या रुग्णात किलोमागे मिनिटाला जवळपास ६ मिग्रॅ. शरीर साधारण ४-५ मिग्रॅ जाळू शकतं. साखर ३०० वर जाते, लघवीत उतरते, आणखी पाणी ओढते आणि आता एका पुराचे दोन पूर होतात. साखर दर १-२ तासांनी बघा. साखर वाढलेली असताना खरं सोडियम मोजलेल्यापेक्षा जास्त असतं: १०० च्या वरच्या प्रत्येक १०० मिग्रॅमागे सुमारे १.६ मिळवा.

वेग: किती दिवसांपासून सोडियम वाढलंय ते ठाऊक नसेल किंवा ४८ तासांहून जास्त झाले असतील तर २४ तासांत १० पेक्षा जास्त उतरवू नका, मेंदूला सूज येऊ शकते. कालच सोडियम १४० होतं आणि आज १५६ झालं, हे रिपोर्टवर दिसत असेल तर त्याहून जलद उतरवता येतं. पंप थांबवल्यानंतरचा डीआय बहुधा या दुसऱ्या प्रकारातला असतो, आणि आधीचे आकडे लिहून ठेवायला सांगितले ते याचसाठी.

डेस्मोप्रेसिन की पुन्हा व्हॅसोप्रेसिन?

रक्तदाबही डगमगत असेल तर व्हॅसोप्रेसिनचा पंप पुन्हा लावा, मिनिटाला ०.०१ ते ०.०३ युनिट. लघवी एक-दोन तासांत आवरते आणि बंद करायचं म्हटलं की परिणाम लगेच ओसरतो. पुढच्या वेळी उतरवताना सावकाश, आणि पाण्याची तयारी ठेवून.

दाब स्थिर असेल तर डेस्मोप्रेसिन. ते व्ही२ वरच काम करतं, दाब वाढवत नाही. डोस १ ते २ मायक्रोग्रॅम, शिरेतून किंवा त्वचेखाली. या रुग्णात नाकातला स्प्रे आणि गोळी टाळा, किती शोषली जाईल याचा भरवसा नसतो. अँप्यूल बहुधा मिलीला ४ मायक्रोग्रॅमचं असतं, म्हणजे १ मायक्रोग्रॅमला पाव मिली. इथे एक जीवघेणी गल्लत होते. युरियामुळे होणाऱ्या रक्तस्रावात हेच औषध किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम देतात, ६० किलोच्या रुग्णाला १८ मायक्रोग्रॅम. तो डोस सवयीने इथे लिहिला गेला तर पाणी दीर्घकाळ अडकून सोडियम कोसळतं. ऑर्डरवर ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण शब्दात लिहा.

एक-दोन तासांत लघवी घटली आणि तिची ऑस्मोलॅलिटी निम्म्याहून अधिक वाढली (१२० ची २०० च्या पुढे गेली), तर कमतरता व्हॅसोप्रेसिनचीच होती. काहीच फरक पडला नाही तर किडनी दाद देत नाही: पोटॅशियम, कॅल्शियम, जुना लिथियमचा इतिहास आणि किडनीच्या सूक्ष्म नळ्यांची सावरत असलेली (ट्यूब्युलर) इजा यांकडे वळा.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी. डेस्मोप्रेसिन दिलंत त्याच मिनिटाला पाण्याचा वेग बदला. वरच्या उदाहरणात लघवी ४०० वरून ६० मिलीवर आली आणि घट्ट झाली, तर ३१० मिलीची गळती जवळपास शून्य होते. तरी ४३० मिली तसंच चालू राहिलं तर ६ तासांत सव्वादोन लिटरहून जास्त पाणी अंगात साठतं आणि सोडियम १५४ वरून सुमारे १४३ वर येतं. दिवसभराची उतरण पाव दिवसात. लघवी खरंच कमी झाल्याचं दिसताच वेग १२० मिलीच्या आसपास आणा आणि दर २ तासांनी सोडियम पाहा. औषधाचा परिणाम ८ ते १२ तास टिकतो, दिल्यावर परत घेता येत नाही. म्हणून सुरुवात १ मायक्रोग्रॅमनेच करावी, असं आमचं मत. दोन डोस लागले तरी चालतील.

पुढचा डोस घड्याळ पाहून लिहू नका. ‘दर १२ तासांनी’ अशी ऑर्डर शनिवारी लिहिली जाते आणि सोमवारी सोडियम १२४ निघतं, कारण मधल्या काळात पिट्युटरी सावरलेली असते. लघवी पुन्हा तासाला २०० मिलीच्या वर गेली, पातळ झाली आणि सोडियम १४० च्या वर असलं, तरच पुढचा डोस. मधून मधून लघवी सुटू देणं हीच पिट्युटरी जागी झाली का ते कळण्याची खूण.

पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीसोबत वाहून जातात. दिवसातून दोनदा तपासून भरून काढा.

किती दिवस

बहुतेक रुग्णांत हे काही दिवसांत ओसरतं. डेस्मोप्रेसिनशिवाय सलग २४ तास लघवी आणि सोडियम जागेवर राहिलं तर तासावारी मोजणी थांबवता येते. आठवडा उलटूनही डोस लागत असेल, डोकेदुखी किंवा नजरेची तक्रार असेल, किंवा डोक्याला मार लागल्याचा इतिहास असेल तर पिट्युटरीचा एमआरआय आणि सकाळचं कॉर्टिसोल, थायरॉइड यांच्या तपासण्या करून एंडोक्रायनॉलॉजिस्टना बोलवा. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णात लघवी एकदम आवरली तर आनंद मानायची घाई नको. इजा झालेली पिट्युटरी उरलेला साठा एकदम सोडते, सोडियम घसरतं आणि काही दिवसांनी डीआय परत येऊ शकतो, कधी कायमचा.

आयसीयूतून वॉर्डात जाताना कागदावर चार गोष्टी असू द्या: व्हॅसोप्रेसिन कधी थांबलं, डेस्मोप्रेसिनचा शेवटचा डोस कधी आणि किती, शेवटचं सोडियम, आणि रुग्णाच्या हाताशी पाणी ठेवायची स्पष्ट सूचना. वॉर्डात ‘निल बाय माउथ’ची (तोंडाने काही द्यायचं नाही, अशी) जुनी पाटी पलंगाला तशीच लटकत असेल तर ती काढून टाका.